केळीच्या गावातली मराठी शाळा

शाळा कशी चालली आहे हे समजून घ्यायचं असेल तर आधी तिचा दर्शनी फळा पाहावा. वर सुविचार, खाली दिनांक, पट, हजर मुलं, हजर मुली आणि उजव्या कोपऱ्यात 'आगामी कार्यक्रम'. त्या कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टची पुसट अक्षरं असतील तर पुढचं काही विचारू नये. तिथे पालकसभा, हळदीकुंकू, बाल आनंद मेळावा, केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धा अशा तारखा ताज्या खडूने लिहिलेल्या असतील, तर त्या शाळेत गावाची ये-जा आहे एवढं नक्की. सावदा आणि आसपासच्या गावांतली सरकारी प्राथमिक शाळा, जिला आपण सगळे नुसतं 'मराठी शाळा' म्हणतो, ती या कोपऱ्यावर जगते असं माझं मत आहे. वर्गातलं शिकणं महत्त्वाचं आहेच. पण ज्या घरात आधी कुणी शाळेत गेलेलं नाही, त्या घराला शाळेत यायला निमित्त लागतं, आणि ते निमित्त या कोपऱ्यात लिहिलेलं असतं.

सावदा जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर. उत्तरेला सातपुडा, चहूकडे केळीच्या बागा. गाव जुनं आहे. नगरपालिका १८८३ सालची. एके काळी इथल्या बाजारात निमाड आणि वऱ्हाडातली जनावरं विकायला येत. १८५२ मध्ये इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध या भागातले हजारो शेतकरी सावद्यात जमले होते आणि त्यांना पांगवायला फौज आणावी लागली होती. त्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मांडवाची सजावट नंदलाल बोस यांची, तीही बांबू आणि गावातच मिळणाऱ्या साध्या सामानाची. अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून आलेले साने गुरुजी या अधिवेशनासाठी खानदेशात गावोगाव फिरले होते. धनाजी नाना चौधरींसारखी इथली माणसं राबली होती. हा इतिहास शाळेच्या परिचयात आणतो आहे त्याला कारण आहे. सार्वजनिक कामासाठी घरचा बांबू, घरची बैलगाडी आणि घरचं धान्य काढून देण्याची सवय या भागाला फार पूर्वीपासून आहे. आज सरकारी कागदावर तिला 'लोकसहभाग' म्हणतात. शाळेला रंग देणं, टाकी बसवणं, गॅदरिंगचा मांडव घालणं, ही सगळी कामं आजही त्याच सवयीवर चालतात.

खानदेशात शाळेचं वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होतं. प्रवेशोत्सवाला पहिलीच्या मुलांना औक्षण, हातात गुलाबाचं फूल, बालभारतीची नवी पुस्तकं. कुठे बैलगाडीतून मिरवणूक, कुठे ट्रॅक्टरवरून. नेमकी हीच वेळ शेताच्या घाईची. केळीच्या मृगबागेची लागवड जून-जुलैत, कांदेबागेची ऑक्टोबरच्या आसपास, आणि कापणी तर कुठे ना कुठे चालूच. पहाटे कापणीची टोळी बागेत शिरते, घड डोक्या-खांद्यावरून बांधावर येतात, गाडी भरली की थेट उत्तरेकडे. सावदा स्टेशनातून रेल्वेनेही दिल्लीच्या आदर्श नगरला केळी गेली आहे. मुलांचे वडील कापणीला आणि आई निंदणीला अशी कितीतरी घरं. सकाळी अकराची पालकसभा म्हणजे या घरांसाठी एका दिवसाची मजुरी. सभेला पालक येत नाहीत अशी तक्रार शिक्षकांकडून ऐकू येते. ती खरीही असते. पण सभेची वेळ कुणाच्या सोयीने ठरली, हे त्याआधी पाहायला हवं. ज्या मुख्याध्यापकांनी सभा दिवेलागणीला घेतली, त्यांच्या सभेत आया साडीला केळीचा डाग तसाच घेऊन येऊन बसल्या. केळीच्या चिकाचा तो तपकिरी डाग धुऊन जात नाही. सभेला आलेल्या बाईला त्याचा संकोच वाटू नये, एवढं ज्या शाळेला जमलं तिला पालक मिळाले.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. समितीत पंचाहत्तर टक्के पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधून आणि सचिव मुख्याध्यापक. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे: शेतमजूर बाई शाळेच्या आराखड्यावर सही करू शकते. प्रत्यक्षात पुष्कळदा सही आधी होते आणि वाचन राहून जातं. तरी दहा-पंधरा वर्षांत एक बदल दिसतो. पूर्वी शाळेत बोलावणं आलं की आईला वाटायचं, पोराने काहीतरी खोडी केली. आता ती विचारते, "कोणता कार्यक्रम हाये, मॅडम?"

शाळेच्या वर्षात पुढे, श्रावणात, कानबाई येते, खानदेशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन. बाहेरगावी असलेली भावकी घरी जमते, रोट होतात, आणि सोमवारी वर्गात निम्मे बाक रिकामे. शहाण्या शिक्षकाने त्या दिवशी हजेरीवरून रागवू नये. मंगळवारी त्याच मुलांना कानबाईची मिरवणूक सांगायला लावावी, लिहायला लावावी. निबंधाच्या वहीत एरवी चार ओळींत आटोपणारा मुलगा त्या दिवशी पान भरून लिहितो.

या वर्षात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो गुलाबाईचा महिना. कुणी भुलाबाई म्हणतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. मातीच्या गुलाबाई-गुलोजी, शेजारी बाळ, पुढे मुली आणि हातात टिपऱ्या. पुणे-साताऱ्याकडे हस्ताचा भोंडला, तशी आमच्याकडे ही. पूर्वी संध्याकाळी मुली घरोघर जात. आता घरं बंद असतात, मुली शिकवणीला असतात, आणि गाणी आजीबरोबर संपत चालली आहेत. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानने भुलाबाई महोत्सव सुरू केला तो याच काळजीतून. अशा वेळी प्राथमिक शाळेने एक तास गुलाबाईला दिला तर काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. गाणी शिक्षिकेला सगळी येत नाहीत. म्हणून आज्यांना बोलावणं जातं. मुलीचं बोट धरून एरवी फाटकापर्यंतच येणारी आजी थेट वर्गात येते. सुरुवातीला आवाज निघत नाही. दुसऱ्या कडव्याला तिला सूर सापडतो आणि मग थांबत नाही. एकीला पुढचं कडवं आठवत नाही, तर दुसरी म्हणते, आमच्या गावाकडे असं नव्हतं, आणि तिथेच दोघींची जुंपते. मुली टिपऱ्या हातात धरून हे सगळं डोळे मोठे करून ऐकतात.

शेवटी खाऊ ओळखणं. स्टीलचा डबा, झाकण घट्ट. डबेवाल्या मुलीने तो कानाशी हलवून दाखवायचा. "गोड का तिखट?" "तिखट." "कोरडं का ओलं?" "कोरडं." "वाजतं का?" डबा हलतो, खुळखुळ होते. शेव? नाही. फुटाणे? नाही. शेंगदाणे? नाही. "केळीचे वेफर्स!" अशी मागून एका मुलाची आरोळी येते. गुलाबाई मुलींची, पण खाऊच्या वेळी मुलगे खिडकीत लटकलेलेच असतात. प्रश्न विचारून शक्यता कमी करत नेणं, उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलणं, याला गणिताच्या तासाला तर्क म्हणतात. इथे तो एका मिनिटात होतो आणि कुणाला वहीही काढावी लागत नाही.

खाऊवरून खिचडीकडे. शाळेतलं पोषण आहार योजनेचं जेवण, पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं या हिशेबाने. योजना १९९५ ची. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न मिळू लागलं. २०२१ पासून तिचं नाव पीएम पोषण झालं, पण मुलांच्या तोंडी ती खिचडीच. स्वयंपाक करणाऱ्या मावशी अत्यंत तुटपुंज्या मानधनावर शंभर-दीडशे मुलांचं पातेलं उतरवतात. कुठलं पोर आज जेवलं नाही, कुणी दुसऱ्यांदा मागितलं आणि कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे शाळेत सर्वांत आधी त्यांनाच कळतं. त्यांचं मानधन वाढवावं ही मागणी जुनी आहे आणि ती मान्य व्हायलाच हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्यांना केळी किंवा स्थानिक फळ द्यायचं ठरवलं होतं. केळीच्या या पट्ट्यात शाळेला फण्यांसाठी कुणाकडे हात पसरावा लागू नये. बागायतदाराने ठरवलं तर कापणीच्या दिवशी दोन घड शाळेत उतरवणं अवघड नाही. स्नेहभोजनाची सोय योजनेतच आहे: वाढदिवस, बारसं, वडिलांचं श्राद्ध, निमित्त काहीही असो, घरचा माणूस शाळेत येऊन सगळ्या मुलांना वाढतो. खानदेशात म्हणजे वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. हिवाळ्यात बामणोदची वांगी आली की भरीत. एका पंगतीत शेठचा नातू आणि सालदाराचा मुलगा मांडीला मांडी लावून बट्टी कुस्करतात. असं एरवी गावात कुठे घडतं, हे मला आठवून पाहावं लागतं.

डिसेंबर-जानेवारीत कार्यक्रमांची गर्दी होते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २६ जानेवारीची प्रभातफेरी, मधे बाल आनंद मेळावा. मेळाव्यात तिसरी-चौथीची पोरं मेथीच्या जुड्या, बोरं, फुनके, पाणीपुरी विकायला बसतात. वीस रुपयांची नोट, सात रुपयांची जुडी, परत किती? वर्गात हाच प्रश्न फळ्यावर असताना गप्प बसणारी मुलगी इथे बोटं न मोजता तेरा रुपये परत करते, कारण समोर गिऱ्हाईक उभं आहे.

स्नेहसंमेलनाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. मुलं नाचतात, मांडवात टाळ्या पडतात, आई मोबाइल उंच धरून उभी असते, हे सगळं छान आहे. पण भाड्याच्या ड्रेसचे पैसे ज्याच्याकडे नाहीत ते मूल 'मला नाचायचंच नव्हतं' म्हणून मागच्या ओळीत बसतं, आणि त्याचं ते वाक्य आपण खरं मानतो. घरची साडी, आजोबांचं पागोटं, घोंगडी, विळा, टोपली एवढ्या सामानात उत्तम कार्यक्रम होतो. आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) हिचं आयुष्य मुलांना वीस मिनिटांत उभं करता येतं, त्याला भाड्याचं काही लागत नाही. आणि नियम एकच असावा: पटावरचं प्रत्येक मूल एकदा तरी मंचावर आलं पाहिजे.

हे प्रत्येक मूल कुठून कुठून आलेलं असतं! सावद्यात मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. मराठी शाळेच्या एका वर्गात घरी लेवा गणबोली बोलणारी मुलं असतात, सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली तडवी मुलं असतात, आणि बागेत कामाला आलेल्या पावरा-बारेला मजुरांची मुलंही. पाठ्यपुस्तकातली मराठी यांपैकी कुणाच्याच घरात जशीच्या तशी नाही. "काल का नाही आलास?" विचारलं तर उत्तर येतं, "वावरात गेल्तो ना." जे शिक्षक ते उत्तर तसंच ऐकतात आणि मग पुस्तकाकडे वळवतात, त्यांच्या वर्गात मुलं बोलती राहतात. मजुरांची टोळी दुसरीकडे निघाली की मूल पटावर राहतं आणि बाकावरून जातं. त्याला परत शोधून आणणं हे शिक्षकाचं कुठल्याही फळ्यावर न लिहिलेलं काम.

मार्चपासून शाळा सकाळची होते. या पट्ट्यातलं ऊन सांगायची गरज नाही. एप्रिलमध्ये फळ्याच्या कोपऱ्यात पुढची तारीख येते: शाळापूर्व तयारी मेळावा, 'पहिले पाऊल'. २०२२ पासून राज्यभर हा होतो. जूनमध्ये पहिलीत येणारं मूल आईबरोबर येतं आणि एकेका टेबलावरून पुढे जातं. नावनोंदणी, मग दोरीवरच्या उड्या आणि चेंडू, मग रंग-आकारांची जुळवणी, मग गोष्ट ऐकून सांगणं, मग वस्तू मोजणं. शेवटच्या टेबलावर मूल नसतं, आई असते. तिला आयडिया कार्डं मिळतात: घरातल्या डाळी-दाण्यांतून, भांड्यांतून, चपलांच्या जोड्यांतून सुट्टीभर काय शिकवायचं त्याची. गल्लीतल्या पाच-सहा आयांचा एक माता-पालक गट होतो.

मे महिन्यात या आया तशाही एकत्र बसतातच. एकीच्या अंगणात ज्वारीचे बिबडे, दुसरीच्या गच्चीवर कुरडया, तिसरीकडे उडदाचे पापड. वाळवणाच्या त्या ओळी मोजायला पोरांना बसवायचं: एका ओळीत किती, दोन ओळींत किती, कावळ्याने नेला तर राहिले किती. गटातली थोडी शिकलेली बाई कार्ड वाचून दाखवते, बाकीच्या लाटता लाटता ऐकतात. मेळाव्याला न आलेल्या शेजारणीच्या पोरालाही कुणीतरी हाक मारतं, "अठी ये रे, मोज पाहू." जूनमध्ये नावं नोंदवायला शिक्षक गल्लीत येतात, तेव्हा त्या पोराचं नाव सांगायला त्याच्या आईआधी या बायाच पुढे होतात.