मंद गतीवर ठोका देणारे जुने ट्रॅक्टर : दोष कसा ओळखावा?

मृगाची चाहूल लागली की शेतकरी औतफाट्याच्या डागडुजीस लागतो. पाभरीचे फण तपासले जातात, बैलांना पत्र्या मारल्या जातात. परंतु ज्यांच्याकडे जुने ट्रॅक्टर आहे, त्यांच्या दारात ते यंत्र कित्येकदा उन्हाळाभर तसेच उभे असते. मग ऐन वापशाच्या दिवशी ते सुरू करावे, तो मंद गतीवर इंजिनातून ‘खट् खट्’ असा ठोका ऐकू येतो व मालकाच्या पोटात गोळा उठतो.

अशा वेळी दोन प्रकारच्या चुका घडताना आढळतात. कोणी ‘जुने यंत्र आहे, आवाज यायचाच’ असे म्हणून काम तसेच रेटतो. तर कोणी घाबरून, दोष नक्की न करताच संपूर्ण इंजिन उघडावयास सांगतो. प्रस्तुत लेखकाने ह्या दोन्ही चुकांची फळे पाहिली आहेत. एका गावी ठोका ऐकूनही दोन दिवस रोटाव्हेटर चालविल्यामुळे कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भगदाड पडले आणि पेरणी भाड्याच्या यंत्राने उशिरा करावी लागली. दुसऱ्या एका गावी इंजिन पूर्णपणे उघडण्याचे ठरले होते. परंतु आधी तपासणी केली तेव्हा केवळ टॅपेट सैल झाल्याचे दिसून आले. ते काम तासाभरात आटोपले.

ठोका व नेहमीचा आवाज

डिझेल इंजिनात काही प्रमाणात ठोका स्वाभाविकच असतो. सिलिंडरमध्ये दाबलेल्या तप्त हवेत डिझेलचा फवारा पडल्यावर ते तत्क्षणी पेटत नाही. किंचित विलंब लागतो. तेवढ्यात साठलेले डिझेल एकदम पेटते व त्याचा ठोका बसतो. इंजिन थंड असता हा विलंब वाढतो, म्हणून सकाळी आवाज अधिक येतो व इंजिन तापल्यावर कमी होतो. आपल्या ट्रॅक्टरच्या नेहमीच्या आवाजाची ओळख प्रत्येक मालकाने ठेवावी. कारण काळजी करावयाची ती आवाज असण्याची नव्हे, तर आवाज बदलण्याची.

प्रथम तेल पाहावे

ठोका ऐकताच इंजिन बंद करावे. ट्रॅक्टर सपाट जागी उभे करून सुमारे दहा मिनिटांनी कांडीने वंगण तेल तपासावे. पातळी कमी असल्यास गळती कोठे आहे ते शोधून त्याच प्रतीचे तेल भरावे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. पातळी वाढलेली असून तेल पातळ झाले असेल व डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल तेलात उतरत आहे. ह्या दोन्ही स्थितींत, तसेच सुरू केल्यावर तेलाच्या दाबाचा काटा न उठल्यास किंवा दाबाचा दिवा न विझल्यास, इंजिन मुळीच चालवू नये.

आवाज कोठून येतो?

तेल ठीक असल्यास ट्रॅक्टर उघड्यावर आणून, गिअर मोकळा ठेवून व हातब्रेक लावून मंद गतीवर चालू करावे. बंद गोठ्यात इंजिन चालवू नये. त्याचा धूर जिवावर बेतू शकतो. उपरणे, धोतराचा सोगा किंवा पदर पंख्याजवळ जाऊ देऊ नये. लांब पेचकस किंवा कोरडी लाकडी काठी घेऊन तिचे एक टोक इंजिनाच्या निरनिराळ्या स्थिर भागांवर टेकवावे व दुसरे कानाच्या पुढील हाडाला लावावे. जेथे आवाज सर्वांत स्पष्ट, तेथे दोष असण्याचा संभव अधिक.

क्लचचे पेडल दाबताच आवाज थांबला किंवा बदलला, तर दोष क्लच अथवा गिअरबॉक्सच्या बाजूस शोधावा. इंजिन बंद करून फॅनबेल्ट काढावा व केवळ अर्धा मिनिट चालवून पाहावे. आवाज गेला तर पाण्याचा पंप किंवा डायनॅमो यांचे बेअरिंग संशयास्पद होय. पुढची पुली, पंख्याची पाती व इंजिन बसविण्याचे बोल्ट सैल नाहीत, हेही पाहून घ्यावे.

आवाजांची ओळख

१. वरच्या झाकणाखालून हलका ‘टिक् टिक्’ आवाज येत असेल तर टॅपेटची फट वाढलेली असते. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत झडप एकदाच उघडते, म्हणून हा आवाज इतरांपेक्षा संथ वाटतो. फट फीलर गेजने पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे ठेवावी.

२. थंड इंजिनात पोकळ आवाज येऊन तापल्यावर तो कमी होत असेल, तर पिस्टन व लायनर झिजले असावेत. हे काम हंगामानंतर करता येते.

३. मंद गतीवर तीक्ष्ण, जोडीने येणारा ठोका बहुधा पिस्टनच्या पिनचा असतो.

४. इंजिन तापल्यावर वाढणारा, गती वाढवून एकदम सोडताच ठळक होणारा ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असतो. खालून येणारा जड ‘धप् धप्’ आवाज मुख्य बेअरिंगचा समजावा. ह्या दोहोंत तेलाचा दाबही बहुधा कमी आढळतो.

एकेक सिलिंडर तपासणे

जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनात मिस्त्रीच्या साहाय्याने एकेका इंजेक्टरच्या नळीचे नट मंद गतीवर थोडे सैल करावे. त्या सिलिंडरला डिझेल मिळणे थांबते. ठोका गेला किंवा बराच कमी झाला, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे. कोणत्याच सिलिंडरने फरक पडला नाही, तर टॅपेट, पुढचे दातेरी चाक किंवा बाहेरचा भाग पाहावा.

सिलिंडर निश्चित झाल्यावर इंजिन बंद करून त्याचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरच्या इंजेक्टरशी बदलावा व खाली नवीन वॉशर घालावे. ठोका इंजेक्टरबरोबर दुसरीकडे गेला तर दोष इंजेक्टरचा. तो दुरुस्त करून घेतला की काम झाले. ठोका जागचा हलला नाही, तरच पिस्टन अथवा बेअरिंगचा विचार करावा.

हे काम करताना डोळ्यांवर चष्मा असावा, जवळ विडी पेटवू नये आणि फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये. दाबाखालील डिझेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे. अलीकडील कॉमन रेल इंजिनांत दाब फारच मोठा असल्याने त्यांची नळी चालू स्थितीत कधीही सैल करू नये.

शेवटची खूण तेलात

बेअरिंगचा संशय असल्यास तेल स्वच्छ भांड्यात काढून गाळावे. चमकणारे कण सापडल्यास त्यांना लोहचुंबक लावावा. चिकटणारे कण लोखंड-पोलादाचे असतात. न चिकटणारे तांबूस किंवा रुपेरी कण बहुधा बेअरिंगच्या धातूचे असतात. असे कण दिसल्यावर एक तासही नांगरट करू नये. ह्या वेळी बेअरिंग बदलल्यास क्रँकशाफ्ट वाचण्याची आशा असते. विलंब केल्यास तो घासून घ्यावा लागतो, व रॉड तुटल्यास ब्लॉकही जातो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यातच एखाद्या सकाळी गावातील ट्रॅक्टर एकत्र आणून, जाणत्या मिस्त्रीच्या उपस्थितीत ही तपासणी करून दाखवावी. आवाज केव्हा येतो, थंडीत की तापल्यावर, व कोणत्या सिलिंडरला बदलतो, एवढे वहीत लिहून ठेवले तरी मिस्त्रीचे अर्धे काम होते आणि शेतकऱ्याचा अनाठायी खर्च टळतो. वापसा कोणासाठी थांबत नाही. म्हणून यंत्राचे बोलणे पावसाआधी ऐकावे, हेच हिताचे होय.