मोसंबीची साल आणि थिसिसचं कॅलेंडर

एम.फार्मचं शेवटचं वर्ष म्हणजे निम्मी केमिस्ट्री आणि निम्मं तारखांचं गणित. जालन्याच्या मोसंबीच्या सालीवर थिसिस करायचा ठरवला, तर हे गणित बसतं कसं?

एम.फार्मचं पहिलं वर्ष कसंही निघून जातं. लेक्चर, प्रॅक्टिकल, असाइनमेंट, परीक्षा. बी.फार्मचाच पुढचा भाग म्हणा ना. खरी गंमत तिसऱ्या सेमिस्टरला. रिसर्च मेथडॉलॉजी आणि बायोस्टॅटचा एक पेपर, जर्नल क्लब, एक प्रेझेंटेशन आणि बाकी सगळं ‘रिसर्च वर्क’. टाइमटेबल एकदम रिकामं दिसायला लागतं. वाटतं, आख्खं वर्ष पडलंय.

पडलेलं नसतं. ते कसं, हे एका उदाहरणावरून बघू.

समजा, तुम्ही बदनापूर किंवा अंबडकडचे. मोसंबी लहानपणापासून बघितलेली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्रही आहे. रस काढला की साल उकिरड्यावर. आणि त्या सालीत असतं पेक्टिन. जॅम घट्ट करणारं, गोळीत बाइंडर म्हणून चालणारं, आणि फार्मसीवाल्यांना सगळ्यात जास्त आवडणारा गुण म्हणजे जठरात आणि लहान आतड्यात न पचणारं. मोठ्या आतड्यातले जीवाणूच ते फोडतात. म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेवर दिलं जाणारं मेसालामिन पेक्टिनच्या गोळीत बसवलं, तर औषध नेमकं हवं तिथं जाऊन सुटेल. विषय झक्कास. गाइड हो म्हणाले. आता?

आता पहिला प्रश्न असा की साल कधी मिळणार. आंबे बहाराची मोसंबी पावसाळा सरता सरता तोडणीला येते आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत चालते. मृग बहाराची येते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा सुरुवात करून काहीच हाती लागणार नाही. म्हणजे आंबे बहारच. ज्यूस सेंटरवर साल फुकट मिळते, पोतं भरून मिळते, पण तिथं चार बागांची आणि कधी चार जिल्ह्यांची मोसंबी एकत्र आलेली असते. एकाच बागेतून, एकाच दिवशी, सगळ्या प्रयोगांना पुरेल एवढी साल आणून वाळवून ठेवलेली बरी. बाग कुठली, तारीख कुठली, झाड किती वर्षांचं, हे त्याच दिवशी वहीत.

दुसरं, नाव. औषधनिर्माणाच्या कितीतरी पेपरांत मोसंबीला ‘सिट्रस लिमेटा’ म्हणतात, तर फळबागांच्या पुस्तकांत ती ‘सिट्रस सायनेन्सिस’, म्हणजे गोड संत्र्याच्या कुळातली. तुम्ही दहा पेपर वाचून नाव उचललंत तर वायव्हात कुणीतरी धरणार. त्यापेक्षा फांदी, पानं, फळ घेऊन वनस्पतिशास्त्र विभागात जा, ओळख पटवून घ्या, सर्टिफिकेट थिसिसला जोडा. एका दिवसाचं काम. हेच काम मे महिन्यात करायला गेलं तर झाडावर ते फळ नसतं!

पेक्टिन काढायची कृती तशी घरगुती वाटावी अशी. वाळलेल्या सालीची पूड, सायट्रिक ॲसिड घातलेलं पाणी, ८०-९० अंशांवर तासभर उकळणं, मलमलच्या कापडातून गाळणं, आणि गार झालेल्या पाण्यात दुप्पट इथेनॉल. पांढरट जेलीसारखा गोळा वर येतो. तो धुवायचा, कमी आचेवर वाळवायचा. पण हे दुप्पट इथेनॉल लिटरनं लागतं, आणि कॉलेजला ते उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर मिळतं. स्टोअरमध्ये आज किती शिल्लक आहे, हे साल आणायच्या आधी विचारा.

आता कॅलेंडर उलटं वाचू. थिसिस जूनअखेर द्यायचा आहे. त्यात स्टॅबिलिटी दाखवायची आहे. तयार गोळ्या ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये सहा महिने ठेवायच्या. सुरुवातीला, तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात तपासायच्या. म्हणजे सगळ्यात चांगली बॅच डिसेंबर संपायच्या आत चेंबरमध्ये गेली पाहिजे. साल आली ऑक्टोबरात. मधल्या दोन-अडीच महिन्यांत पेक्टिन काढणं, त्याची तपासणी, औषधाशी ते जुळतं का हे बघणं आणि दोन घटक, तीन पातळ्या धरून नऊ बॅचेस. एफ-वन ते एफ-नाइन. आख्खं वर्ष होतं ना? ते हे असं अडीच महिन्यांचं निघतं. त्यात ऑक्टोबरात दिवाळी, आणि डीएससीसारखी तपासणी बाहेर करायची असेल तर नमुना पाठवून रिपोर्टची वाट बघणं. मुंबई आयआयटीतल्या ‘सैफ’सारख्या सोयी बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत, पण रांग असते. एचपीएलसीसाठी ६० किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जावं लागलं तर त्या दिवशी दुसरं काही होत नाही.

सहा महिने बसत नसतील तर तीन महिन्यांचा डेटा द्या आणि ‘तीन महिने’ असंच लिहा. परीक्षकांनाही कॅलेंडर येतं. फेब्रुवारीत बनवलेल्या गोळीची सहा महिन्यांची स्टॅबिलिटी जूनच्या थिसिसमध्ये दिसली की बाकीची दीडशे पानं वाचायची गरज उरत नाही.

आणि मग तो दिवस येतो. डिझोल्यूशनचा. दोन तास आम्लात, तीन तास पीएच ७.४ ला, त्यानंतर मोठ्या आतड्यासारखं माध्यम. (त्यासाठी उंदराच्या आतड्यातला अंश वापरायचा तर प्राणी प्रयोगांच्या नैतिक समितीची मंजुरी आधी हवी, पेक्टिनेज एन्झाइमनं निभावलं तर ती वाट वाचते.) ९०० मिली माध्यम, ३७ अंश, दर तासाला पाच मिली काढायचं आणि पाच मिली ताजं घालायचं. चौथ्या तासाला रीडिंग बघितलं तर निम्मं औषध सुटून गेलेलं! मोठं आतडं यायच्या आतच.

इथं पोटात गोळा येतो. शेजारचा मित्र म्हणतो, “अरे, एखादं रीडिंग इकडं-तिकडं केलं तर कुणाला कळायलंय?”

जरा थांबा आणि पीसीआयचा अभ्यासक्रम उघडा. थिसिसच्या पुस्तकाला गुण ५००. त्यात उद्दिष्टांना ५०, पद्धतीला १५०, निकाल आणि चर्चेला २५०, आणि निष्कर्षाला ५०. म्हणजे ‘गोळी यशस्वी झाली’ या वाक्याची किंमत फार तर पन्नासातली. ‘गोळी चौथ्या तासाला का फुटली’ याची चर्चा अडीचशेत मोजली जाते. आणि फुटण्याचं कारण पाठ्यपुस्तकात आहे. पेक्टिन पाण्यात फुगतं आणि विरघळतं. त्याला कॅल्शियमनं बांधलं किंवा वरून न विरघळणाऱ्या पॉलिमरचं कोटिंग दिलं तर वेळ वाढतो. ज्यानं आकडा बदलला त्याला हे परिच्छेद लिहिताच येत नाहीत, कारण त्याच्या थिसिसमध्ये काही बिघडलेलंच नसतं. माझ्या मते ही नुसती नीतीची गोष्ट नाही, सरळ हिशेबाची आहे.

हिशेबावरून आठवलं. जीपॅटवर महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते, जास्तीत जास्त २४ महिने. वर्ष लांबलं तर ती लांबत नाही. जीपॅट नसलेल्याच्या घरी तर मोसंबीच्या आणि कापसाच्या पट्टीवर फी ठरते. थिसिस सहा महिने पुढं ढकलणं हे ऐकायला सोपं, पण शेंद्रा-वाळूजच्या कंपनीत लागणारा पहिला पगारही तेवढाच पुढं जातो.

लिहिण्याचं वेगळंच. मराठी माध्यमातून आलेल्या पोरापोरींची इथं खरी दमछाक. इंग्रजी जमत नाही म्हणून दुसऱ्याचं उचललं जातं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्यापुढं चाळीसपर्यंत गेलं तर थिसिस दुरुस्तीला परत, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसाधारण शब्द मोजणीतून वगळतात, म्हणून दर पंधरावा शब्द बदलणारे महाभागही असतात. त्यापेक्षा एक करून बघा. घरी आई विचारतेच, “काय करायलास रे त्या सालीचं?” तिला सांगा. साल का घेतली, पाण्यात का उकळली, गोळी पोटात कुठं फुटायला हवी होती आणि कुठं फुटली. ती मधेच म्हणेल, “मग फुटली कशी?” तुम्ही जे उत्तर द्याल तेच डिस्कशन चॅप्टर. मोबाइलवर रेकॉर्ड करा, रात्री बसून साध्या इंग्रजीत उतरवा. वाक्यं छोटी राहू द्या.

वायव्हाच्या आधी मूळ वही, इथेनॉलच्या नोंदी, बागेतल्या सालीची तारीख, चेंबरचा लॉग, वीज गेलेल्या दिवसांसकट, एका फाइलीत लावून ठेवा. काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं चढली तरी परीक्षक हात पुढं करतात तो वहीसाठी. आणि चेंबरमध्ये सहाव्या महिन्याच्या गोळ्या अजून शिल्लक असतील, तर बाटलीवर काढायची तारीख लिहून ज्युनिअरला सांगून जा.