नैर्ऋत्येला पाठ

मे संपत आला की बोईसर-चिल्हार रस्त्याच्या कडेच्या गॅरेजांपुढे बांबू येऊन पडतात. पत्र्याच्या गाळ्यात जेमतेम एक गाडी मावते, बाकीचं काम एरवी उघड्यावर चालतं. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत पालघर जिल्ह्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि तारापूरच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या नेमक्या तेव्हाच जास्त बिघडतात. ब्रेक गंजतात, वायरिंगला ओल लागते. अंगणात मांडव घालण्यावाचून इलाज नसतो.

असा एक मांडव उभा राहताना मी शेजारी उभा होतो, मध्येमध्ये बांबूही धरत होतो. मेस्त्री डहाणूकडचे, हाताखालचा पोरगा जव्हारचा. कामाला सुरुवात झाली ती फावड्याने. जागा मूळची भातखाचराची, वर भराव टाकलेला. पहिल्या जोरदार सरीला ती चिकट होते आणि जॅकचा पाय आत जातो. म्हणून मुरूम पसरून धुम्मस केला, गाडी उभी राहील तिथे जमीन चार बोटं उंच ठेवली आणि तिन्ही बाजूंनी चर खणून पाणी रस्त्याकडच्या गटाराला जोडलं. जॅकखाली आणि उचललेली गाडी टेकवायच्या घोड्यांखाली ठेवायला जाड फळ्या बाजूला काढल्या. चाकांना लावायचे दगडही त्याच वेळी निवडले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी शिरायचं नाही, हा इथला नियम. पावसाळ्यात तो दुप्पट कडक. छपराचा विचार यानंतर.

इथला पाऊस सरळ पडत नाही. समुद्र पश्चिमेला, वारा नैर्ऋत्येचा, आणि तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यापासून आत येईपर्यंत त्याला अडवायला फारसं काही नाही. त्यामुळे मांडवाची पाठ नैर्ऋत्येला आणि तोंड ईशान्येला. मागची बाजू पाच फूट, पुढची साडेनऊ. गाडीचं नाक उंच बाजूला, म्हणजे बॉनेट पूर्ण उघडतं आणि मेस्त्रींना ताठ उभं राहता येतं. वारा ठेंगण्या पाठीवर चढून वरून निघून जातो. तोंड वाऱ्याकडे ठेवलं तर तोच वारा आत शिरून सगळी ताडपत्री शिडासारखी फुगवतो.

१७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. त्या वाऱ्याचा विषय आजही कुठल्याही मांडवाखाली निघतो. मेस्त्रींचं त्यावरचं धोरण स्पष्ट आहे. वादळाचा इशारा आला की गाड्या बाहेर, ताडपत्री खाली, सांगाडा तसाच. बांबू वाऱ्याला वाट देतो, ताडपत्री देत नाही.

खांब दोन फूट खोल गाडून भोवती दगड ठासले. आडवे बांबू भिजवलेल्या सुंभाने बांधले, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या. ताडपत्री अठरा बाय चोवीसची. तिच्या कडेच्या रिंगांना दोरी थेट बांधत नाहीत, मध्ये ट्यूबची पट्टी घालतात. वाऱ्याचा झटका आला की रबर ताणलं जातं आणि रिंग शाबूत राहते. जिथे रिंग आधीच फाटली होती, तिथे पोराने सुपारीएवढा गोटा आतून ताडपत्रीत धरला, बाहेरून त्याच्या गळ्याशी दोरीचा फास आवळला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ओढा भाऊ, कितीपण ओढा." मी ओढलं. हललं नाही. साध्या गोष्टीतलं असं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सातपाटीला ओढून ठेवलेल्या होड्याही अशाच ताडपत्र्या-दोऱ्यांनी झाकलेल्या दिसतात.

उतार असूनही ताडपत्रीखाली दोन-दोन फुटांवर बांबूच्या चिपा घातल्या. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ताडपत्रीला मीटरभर रुंद-लांब झोळ पडला आणि त्यात दहा सेंटिमीटर पाणी साठलं, तर गाडीवर शंभर किलो लटकतात. झोळ दिसला की काठीने वर ढकलायचा, हे पोराचं रोजचं काम.

मांडवाचा आधार फक्त ताडपत्रीपुरता. गिअरबॉक्स उतरवायचा तर चेन-कप्पी वेगळ्या लोखंडी तिकाटण्यावर टांगतात, बांबूला कधीच नाही. वेल्डिंगही मांडवाबाहेर, उघडीप बघून, कारण एक ठिणगी ताडपत्रीला भोक पाडते. दिव्याची वायर जमिनीवरून न नेता वरून आणली होती, जोडणी कोरड्या खोक्यात. पाऊस आत येतो म्हणून कुणी चारही बाजूंना प्लास्टिक लावायला सांगितलं, तर मेस्त्री ऐकत नाहीत. इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करताना धूर बाहेर जायलाच हवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस गुंगत जातो आणि त्याला कळतही नाही.

इतकं करूनही काही कामं ते या छपराखाली घेत नाहीत. रंगकाम तर नाहीच, दमट हवेत रंगावर पांढरी झाक येते. इंजिनचं हेड उघडायचं काम जुलैत आलं, तर आत पाण्याचा एक थेंबही जाता कामा नये म्हणून गाळ्यातली गाडी बाहेर मांडवात काढतात आणि हेडच्या कामाची गाडी आत घेतात. गाळा रिकामा करता आला नाही, तर गिऱ्हाइकाला पालघरच्या बंदिस्त गॅरेजकडे पाठवतात.