पिशवी, कोयता आणि 'रक्तातलं' दुखणं

बीड तालुक्यातलं लिंबागणेश भालचंद्र गणपतीसाठी ओळखलं जातं. बालाघाटावरच्या या भागातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्याच्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. इथल्या बायकांच्या आरोग्याविषयी बोलताना जातीचं नाव फार सहज पुढे केलं जातं.

गैरसमज : गर्भपिशवी काढून टाकणं ही ठरावीक जातींतल्या बायकांची पद्धतच आहे.

२०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहांपैकी एकीची. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी हे धरूनही, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचं हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होतं.

टोळीत वंजारी असतात, बंजारा असतात; मराठा, धनगर, दलित, मुसलमानही असतात. समान आहे तो उसाचा फड. पहाटेपासून तोडणी, डोक्यावर मोळी, राहायला कोपी. तिथे न्हाणी नाही, संडास नाही, पाळीचं कापड धुवायला पुरेसं पाणी नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर असते. बाई एक दिवस पडून राहिली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, भरावा लागतो. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं ही बहुतेकदा औषधाने बरी होणारी दुखणी. पण उपचाराला वेळ नसतो, आणि खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली गेल्याचं कितीतरी जणींनी सांगितलं आहे. मग तिशीतच पिशवी काढली जाते. सोबत बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. हे सगळं सोसणारी बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते. याला पद्धत म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

गैरसमज : मग रक्ताचा, वंशाचा आजाराशी संबंधच नसतो.

असतो, पण मोजक्या आजारांत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार त्याचं ठळक उदाहरण. त्याचं एकच जनुक मिळालेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे ते टिकलं. आफ्रिकेत, अरबस्तानात आणि आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीतही. विदर्भात ते आदिवासींबरोबर अनुसूचित आणि इतर मागास जातींतही आढळतं, त्यामुळे त्याला 'आदिवासींचा आजार' म्हणणं चूक आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधीची रक्ततपासणी इथे खरंच कामाची.

गैरसमज : आरोग्याच्या नोंदीत जात विचारणं म्हणजे भेदभाव.

भेदभाव त्या उत्तराचा वापर कशासाठी होतो यात आहे. अमेरिकेत वंशनिहाय नोंदी ठेवल्या म्हणूनच कळलं की बाळंतपणाशी निगडित कारणांनी होणारे कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूंचं प्रमाण गोऱ्या मातांच्या जवळपास तिप्पट आहे. मात्र नुसती जात लिहून भागत नाही. लग्न कितव्या वर्षी झालं, वर्षातले किती महिने फडावर जातात, हेही लिहायला हवं. बीडमध्ये पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली, ती इतक्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं उघड झाल्यावरच.