बाहेर जाण्याचे दार

निवृत्तीनंतर मी चेन्नईच्या अण्णा नगरात राहतो. 1968 च्या व्यापार मेळ्यासाठी उभारलेला मनोरा येथील उद्यानात आजही आहे. वसाहतीला नाव मात्र सी. एन. अण्णादुराई यांचे. ब्रिटन युरोपात का रमला नाही, असा प्रश्न निघाला की मला हे नाव आठवते. मोठ्या संघात राहूनही मन साशंक असलेल्या घटकाचे काय करायचे, हा पेच या गृहस्थांनी प्रत्यक्ष सोडवला होता.

जानेवारी 1963 मध्ये द गॉल यांनी ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजारपेठेत प्रवेश नाकारला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपली 16 वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि निवडणूक लढवणाऱ्यास देशाच्या सार्वभौमत्वाची व अखंडतेची शपथ बंधनकारक झाली. द्रविडनाडूची मागणी राज्यसभेत निर्भीडपणे मांडणाऱ्या अण्णादुराईंनी ती सोडली. कारणे मात्र सोडली नाहीत. 1967 मध्ये सत्ता मिळताच राज्याच्या नामांतराचा ठराव झाला, 1968 मध्ये द्विभाषा धोरण आले. त्यांच्या निधनानंतर करुणानिधींनी 1969 मध्ये केंद्र-राज्य संबंधांसाठी राजमन्नार समिती नेमली. विभक्ततेतील सारी ऊर्जा वाटाघाटीत उतरली.

ब्रिटनचे उलट झाले. 1973 मध्ये प्रवेश, 1975 च्या सार्वमतात दोन तृतीयांशांचा कौल, आणि 1983 मध्ये मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात पुन्हा बाहेर पडण्याचे आश्वासन! थॅचरबाईंनी वर्गणीत सवलत मिळवली, मेजर यांनी सामायिक चलनातून सूट. सवलतींची वाण नव्हती. परंतु आपण केवळ बाजारात नव्हे, एका राजकीय संघात शिरलो आहोत, हे मतदाराला स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य फारच थोड्यांनी दाखवले. दार उघडे असल्याने प्रत्येक तक्रार ‘राहावे की जावे’ यावरच येई. 23 जून 2016 रोजी सुमारे 52 टक्क्यांनी ‘जावे’ म्हटले.

त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत राज्यसभेत वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती आली आणि अण्णाद्रमुकने सभात्याग केला. माल जेथे खपतो तेथे कर जाणार, मग उत्पादक राज्याचे काय, ही त्यांची शंका महाराष्ट्रालाही अपरिचित नव्हती. पुढच्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने आपला कायदा मंजूर केला.

आपल्याकडे दार बंद आहे आणि ते तसेच असावे, असे मी मानतो. म्हणूनच आतील मांडणी अधिक काळजीने पाहावी लागते. करांच्या प्रश्नावर युरोपीय संघात ब्रिटनला नकाराधिकार होता. आपल्या जीएसटी परिषदेत निर्णयाला तीन चतुर्थांश मतभार लागतो; केंद्राकडे एक तृतीयांश आहे, म्हणजे एकट्याने रोखण्याची शक्ती केंद्राकडे आहे, कोणत्याही एका राज्याकडे नाही. आता 2026 नंतरच्या जनगणनेबरोबर लोकसभेच्या जागांच्या फेरवाटपाचा प्रश्न आहे. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या तमिळनाडूकडे आज 39 जागा आहेत.