कपाटांतील जेमायमा

इंग्लंडांतून आलेली आमची पुतणी माझ्या मेजावर एक बदक ठेवून गेली. डोक्यास टोपडें, अंगावर शाल, चर्येवर कमालीचा भाबडेपणा! बीट्रिक्स पॉटर या लेखिकेच्या १९०८ सालच्या बालकथेंतील ही जेमायमा; कोल्ह्याच्या गोड बोलण्यास भुलून स्वतःच्याच पाकासाठीं मसाल्याचा पाला वेंचणारी.

पॉटरबाई १९४३ सालीं निवर्तल्या. त्यांच्या चित्रांवरून मूर्ति घडविण्याचें काम स्टॅफर्डशायरमधील लाँगटन येथील बेस्विक कारखान्यानें त्यानंतर हातीं घेतलें. आर्थर ग्रेडिंग्टन या मूर्तिकारानें १९४७ सालीं प्रथम जेमायमाच घडविली. पुढील सालीं दहा पात्रें बाजारांत आलीं. १९६९ सालीं कारखाना रॉयल डॉल्टनकडे गेला, व २००२ सालीं हें काम थांबलें.

संग्राहक मूर्ति हातीं येतांच आधीं उलटी करतो! बुडाचा शिक्का सोनेरी असल्यास ती जुनी, तपकिरी असल्यास अलीकडची. (आम्ही शाळामास्तरही वहीचें शेवटचेंच पान आधीं पाहत असूं.) फुलें घेतलेली ‘डचेस’ नांवाची काळी कुत्री १९५५ ते १९६७ एवढींच वर्षें निघाली, म्हणून तिला मोल फार. मात्र टवका उडाला कीं किंमत उतरलीच.

“काका, मुलांच्या हातीं देऊं नका हो,” असें पुतणीनें बजावलें होतें. मीं कपाटास कुलूप घातलें. चार वर्षांचा नातू कांचेला नाक लावून रोज विचारी, “कोल्ह्यानें तिला खाल्लें का?” तिसऱ्या दिवशीं किल्ली मींच फिरविली.

चोचीचा टवका उडाला आहे. पुतणीस अद्याप कळविलेलें नाहीं.