चाकणच्या मैदानावर ब्रेकचा धडा

सकाळी ६. निघण्याआधी हवा, चेनचा ताण आणि ब्रेकलाइट बघून घेतो. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करायची, ब्रेक दाबायचा. लाल उजेड भिंतीवर पडला की दिवा चालू. दुसऱ्या माणसाची गरज पडत नाही. कामगारांना दुचाकी सुरक्षित चालवायला शिकवणं हे माझं काम. आज चाकणच्या एका कारखान्यात दिवसभर.

६:४५. गेटवर उभा राहतो. पहिल्या पाळीची माणसं नाशिक रस्त्यावरून वळून आत येतात. हेल्मेट बहुतेकांकडे असतं, पण कुणाच्या कोपरात, कुणाच्या टाकीवर. गेट दिसलं की डोक्यावर चढतं, पट्टा मात्र लोंबत राहतो. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्यावरून निघून जातं. म्हणून थांबवून पट्टा लावायला लावतो, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील एवढा. मागे बसलेल्यालाही. कायदा दोघांनाही लागू आहे.

८:००. वर्गात फार बोलत नाही. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची, एवढं फळ्यावर लिहितो. मग ऑकलंडचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो : भडक किंवा उजेड परतवणारे कपडे घालणाऱ्या चालकांना गंभीर इजेचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला, काळ्याच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना २४ टक्क्यांनी. आपल्याकडे १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो तो याचसाठी, समोरच्याला आपण दिसावं म्हणून.

९:३०. मैदान. फक्कीची एक रेषा आखलेली. चाळीसच्या वेगानं यायचं आणि रेषेवर ब्रेक मारायचा. गाडी थांबेल तिथे खूण करायची. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे फक्त मागचा ब्रेक दाबतात. चाक फरफटतं, गाडी तिरकी होते, थांबते ती पार पुढे जाऊन. पन्नाशीचे एक काका म्हणाले, "सर, पुढचा मारला की पलटी होते, वडिलांनी शिकवलंय." भीती खरी आहे, झटक्यात आवळला, हँडल वळलेलं असलं किंवा खाली खडी असली तर पुढचं चाक सटकतंच. पण ब्रेक मारला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, थांबवण्याची खरी ताकदही तिथेच येते. "काका, हँडल सरळ ठेवा, मागचा सोबत दाबा आणि पुढचा लिंबू पिळल्यासारखा हळूहळू आवळत न्या." आधी वीसच्या वेगानं, मग तीस, मग चाळीस. शेवटच्या फेरीत काका पहिल्या खुणेच्या जवळपास निम्म्या अंतरात थांबले. उतरून ते दोन्ही खुणांमधलं अंतर पावलांनी मोजत होते. हे बोलून शिकवता येत नाही. बोटांनाच शिकावं लागतं, आणि लायसन्सच्या परीक्षेत आठ काढून दाखवणाऱ्याला ते कुणी विचारतच नाही.

१:००. जेवण, थोडी सावली.

४:००. पाळी बदललेली, दुपारची तुकडी. आवारात उभ्या असलेल्या ट्रेलरच्या केबिनमध्ये एकेकाला चढवतो. चालकाच्या जागेवर बसवायचं आणि त्याच्याच मित्राला डाव्या दारालगत मोटारसायकल घेऊन उभं करायचं. "आरसे बघ. दिसतोय का?" मित्र हाका मारतो, ऐकू येतो, दिसत नाही. ट्रेलरचा चालक शेजारी उभा होता, म्हणाला, "दादा, डावीकडून घुसता तेव्हा आम्हाला तुम्ही नसताच." दिवसभरात मी जे बोललो त्यापेक्षा हे वाक्य जास्त कामाचं.

६:४५. अंधार पडू लागला की मैदानाच्या टोकाला दोघांना उभं करतो, एक काळ्या जॅकेटमध्ये, दुसरा परावर्तक पट्ट्यांच्या पोपटी जॅकेटमध्ये. इकडून कार डिपर देत पुढे सरकते. पट्ट्या लगेच पेटतात. काळं जॅकेट माणूस आहे हे कळेपर्यंत कार बरीच पुढे आलेली असते. साठच्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडी जास्तच जाते, हे तिथेच पावलांनी मोजून दाखवतो.

८:००. घरी पोचून कंपनीच्या सेफ्टी विभागाला मेल लिहायला बसलो. पावसाळ्यासाठी कामगारांना गडद निळे रेनकोट द्यायचं ठरलंय. पाऊस, संध्याकाळ, महामार्ग आणि त्यात निळा रेनकोट! पोपटी घ्या, पाठीवर आणि बाह्यांवर पट्ट्या असलेले. ऑर्डर अजून गेली नसेल तर उद्याच बदला, असं लिहिलं. सोबत संध्याकाळी काढलेले काळ्या आणि पोपटी जॅकेटचे फोटो जोडले.